कोशरावांच्या वाट्याचा शब्द

आमच्या ऑफिसात ‘नाइस’ म्हणणाऱ्याला सगळ्या टेबलांना चहा पाजावा लागे. हा नियम कंपनीचा नव्हता, कोशरावांचा होता. कंपनीचे नियम आम्ही सवडीने पाळायचो. कोशरावांचा मात्र कसोशीने, कारण त्यात चहा होता.

कोशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. आमची कंपनी पार्सलं पोचवणारी. म्हणजे बरीचशी पोचवणारी. जी फुटत, भिजत किंवा भलत्याच गावी जाऊन विसावत, त्यांच्या मालकांना इंग्रजीत उत्तर लिहिण्याचं काम कोशरावांकडे होतं. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच. ते पत्र लिहीत, मी त्याला नुकसानीचे कागद जोडून पुढे ढकलत असे. आमच्या पाठीमागे बेवारस पार्सलांची खोली होती. तिथून कधी अत्तराचा, कधी कुजक्या रबराचा वास यायचा, आणि त्या वासावरून आज काय फुटलं असेल याच्या आम्ही पैजा लावायचो.

कोशराव मुळात गोदामातले. पार्सलांना दोरी बांधायचे. त्यांनी मारलेली गाठ कात्रीशिवाय सुटायची नाही अशी ख्याती होती. पुढे पाठीने दगा दिला आणि वजन उचलणं बंद झालं, तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं की हा माणूस थोडंफार शिकलेला आहे, याला वर खुर्चीवर बसवा. बसवलं. पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा आरसा तुकड्यांच्या रूपाने त्यांना पोचला. कोशरावांनी उत्तर लिहिलं, ‘युवर मिरर इज व्हेरी बॅड. वी आर ऑल्सो व्हेरी बॅड. प्लीज बी गुड.’

तेव्हाचे मोठे साहेब खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि ते पत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. खोली हसली. फोनवर बसणाऱ्या बाई तर हातातला फोन तसाच धरून हसल्या, म्हणजे पलीकडचा ग्राहकही त्यात सामील झाला.

“तुमच्याकडे दोनच शब्द दिसतात,” साहेब म्हणाले, “गुड आणि बॅड. दोन शब्दांवर ऑफिस चालत नाही. आणखी आणा कुठून तरी.”

कोशराव म्हणाले, “आणतो, सर.” जसं काही साहेबांनी पानतंबाखू आणायला सांगितलं होतं.

बेवारस मालाचा लिलाव व्हायचा, त्यात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश रद्दीवाल्यानेसुद्धा नाकारला होता. तो वरून भिजलेला होता. पुठ्ठा गेलेला, ‘ए’ अक्षराचा पुरता लगदा आणि ‘बी’चा निम्मा. बाकी ठणठणीत. कोशरावांनी तो उन्हात वाळवला, दोरीने शिवला, आणि आपली ती प्रसिद्ध गाठ मारली. पुढची सगळी नोकरी त्यांनी त्या कोशावर काढली. ‘ए’चा एकही भारी शब्द त्यांना कधी आला नाही. कुणी विचारलं तर शांतपणे सांगायचे, “ए माझ्याकडे नाही. भिजला.”

लोक शब्द पाठ करतात. कोशरावांनी ते करून पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की शब्द नुसता डोक्यात राहत नाही, त्याला माणूस लागतो. सदऱ्याला खुंटी लागते तसा. म्हणून एक शब्द उचलायचा आणि तो कुणाला बसतो हे बघत ऑफिसभर हिंडायचं. कधी शब्द आधी सापडायचा, कधी माणूस. जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडून समोरच्याकडे असे एकटक बघत की नवीन माणूस ओशाळून विचारायचा, “भाजी हवी का, कोशराव?”

“नको, नको. खा तुम्ही. तुम्ही पोळीचा शेवटचा घास आधी बाजूला काढून ठेवता, नाही?”

त्या माणसाला स्वतःलाही हे ठाऊक नसायचं.

असं करत करत त्यांच्याकडे शब्दांचा साठा झाला, आणि ते पत्रं अशी लिहू लागले की वाचणाऱ्याला आपलं पार्सल हरवल्याचा अभिमान वाटावा. एका गृहस्थांनी आपल्या चादरी मिळाल्यावरसुद्धा पुन्हा तक्रार केली. चौकशी केली तर म्हणाले, “चादरींचं काही नाही हो. उत्तर येईल म्हणून लिहिलं.”

‘नाइस’वर त्यांचा राग होता तो यातूनच आलेला. एकदा मी विचारलं, “अहो, एवढं काय घोडं मारलंय त्या शब्दाने?”

“ज्याच्याकडे आपण कधी धड पाहिलेलंच नाही, त्याला द्यायचा शब्द आहे तो,” कोशराव म्हणाले. “बंद घरातल्या खुर्च्यांवर चादर टाकतात बघा, तशी ती चादर आहे. खाली खुर्ची आहे की माणूस, काही कळत नाही. मला कुणी शिवी दिली तर चालेल. निदान त्याने बघून दिलेली असेल.”

मग निरोपाची प्रथा पडली. पडली म्हणजे कुणी पाडली नाही, आपोआप पडली. आमचा शिपाई निवृत्त झाला तेव्हा इंग्रजीत भाषण कोण करणार, म्हणून कोशरावांना उभं केलं. त्यांनी सांगितलं, या माणसासाठी मी एक शब्द काढून ठेवला आहे, तो या ऑफिसात यापूर्वी कुणाला दिलेला नाही आणि यापुढे कुणाला देणार नाही. शब्द होता ‘इन्डिफॅटिगेबल’. म्हणजे कधीही न थकणारा.

आम्ही हसलो, कारण हा शिपाई स्टुलावर बसून झोपण्यासाठी प्रसिद्ध होता. कोशराव हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “तो झोपतो ते आपण पाहिलं. तो पहाटे बाजारात माल उतरवून मग इथे येतो, हे कुणी पाहिलंय? लिफ्ट बंद असताना त्याने कधी पार्सल खाली ठेवून उसासा टाकलेला ऐकलाय? मी ऐकलेला नाही.”

शिपाई खाली मान घालून उभा होता. पुढे त्याने तो शब्द घराच्या दारावर रंगवून घेतला. पाटी लहान आणि शब्द लांब, त्यामुळे शेवटची अक्षरं चौकटीवर चढली. पोस्टमन ते आडनाव समजून चालतो, असं तो कौतुकाने सांगायचा.

फोनवरच्या बाईंना मिळाला ‘इम्पर्टर्बेबल’. कुणी कितीही अंगावर आलं तरी जी ढळत नाही, ती. पहिल्या पत्राला हसलेल्या त्या याच बाई. त्यांनी शब्द ऐकला, अर्थ ऐकला, आणि उभ्या जागी ढळल्या. रुमाल पुरेना. आणि ते मोठे साहेब निवृत्त व्हायला आले तेव्हा तर ऑफिस श्वास रोखून बसलं होतं. साहेबांना काहीतरी भरघोस हवं होतं. आठवडाभर ते येता-जाता कोशरावांच्या टेबलाशी रेंगाळत होते. “‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’मध्ये काही सापडतं का पाहा.”

“ए माझ्याकडे नाही, सर.”

कोशरावांनी त्यांना दिला ‘पंक्चुअल’. वेळेवर येणारा. ना सूड, ना मस्का. साहेब इतके रागावले की केक न खाता घरी गेले. कोशराव मला म्हणाले, “बसत होता तेवढाच दिला. एक बोट सैल नाही, एक बोट घट्ट नाही. मी काय करू?”

त्यानंतर निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरली की लोक कोशरावांशी उगाच चांगलं वागायला लागायचे. मीही एकदा विचारलं, “माझा शब्द काढलात का?”

“सापडलाय.”

“मग सांगा की.”

“आत्ता सांगितला तर तुम्ही त्याच्यासारखे वागायला लागाल. मग तो बसायचा नाही.”

घरी मात्र या माणसाची थोडी पंचाईत होती. त्यांच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं, पण नवरा ऑफिसभर शब्द वाटत सुटलाय एवढं कळत होतं. मी घरी गेलो की वहिनी पाण्याचा पेला पुढे करून म्हणायच्या, “भावजी, विचारा यांना. मला आजवर दिला का एक तरी?”

“शोधतोय,” कोशराव म्हणायचे.

“लग्न झाल्यापासून शोधतायत. म्हणजे मी फारच अवघड असणार.”

“आहेसच.”

वहिनी खूष व्हायच्या. शब्दाशिवायही चालतं होतं ते घर.

मग नवे मॅनेजर आले. वयाने तरुण, वागायला मोकळे, आणि त्यांच्या इंग्रजीत शब्द कमी, वेग जास्त. कूल, सुपर, पर्फेक्ट, एवढ्यात त्यांचं सगळं भागायचं. हिशेब विभागातल्या एकाने आई दवाखान्यात आहे म्हणून रजा मागितली, तेव्हाही ते “कूल” म्हणाले. वाईट मनाने नव्हे. त्यांच्याकडे त्या खणात दुसरं काही नव्हतंच.

त्यांनी कोशरावांना बोलावून घेतलं आणि खुर्ची दिली. “सर, तुमची पत्रं मी पाहिली. ग्रेट आहेत. पण ग्राहकाला एवढं वाचायला वेळ नसतो.” मग कॉम्प्युटरवर तीन तयार उत्तरं बसवण्यात आली. पार्सल फुटलं तर पहिलं, भिजलं तर दुसरं, हरवलं तर तिसरं. तिन्हींची सुरुवात एकच, गैरसोयीबद्दल क्षमस्व. कोशरावांनी फक्त बटण दाबायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी एका माणसाच्या वडिलांची हरवलेल्या काठीची तक्रार तिसऱ्या बटणाने मिटवली आणि हात मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, “दोनच शब्दांवरून सुरुवात केली होती. आता एकही लागत नाही. प्रगती आहे.”

त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं तेव्हा चहा पिताना मला म्हणाले, “घड्याळ नको मला. फुलं नकोत, फोटो नको. तुम्ही वर्गणी काढाल तर मी तुमच्याशी बोलणार नाही. मला एक शब्द पाहिजे. कुणीतरी माझ्याकडे बघून काढलेला. वाईट असला तरी चालेल. बसला पाहिजे.”

“मी देतो की.”

“तुम्ही नको. तुमचं इंग्रजी माझ्याच गोदामातलं. माझाच माल मला परत कराल.”

तो कुणाकडून घ्यायचा हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे ग्राहकांशी बोलायला एक मुलगी नव्याने लागली होती. कानावर सदा हेडफोन, म्हणून आम्ही तिला हेडफोनवाली म्हणायचो. लहानपणापासून इंग्रजीत शिकलेली, बोलायला लागली की नळ सोडल्यासारखी. पण जेवण ‘अमेझिंग’, पाऊस ‘अमेझिंग’ आणि रजाही ‘अमेझिंग’. कोशराव म्हणायचे, “तो शब्द माझ्याकडे भिजला ते बरंच झालं.” तरी तिच्यावर त्यांचा जीव होता. रोज तिच्या टेबलाशी जाऊन एक शब्द ठेवून यायचे, पक्ष्याला दाणे टाकावेत तसा. ती एक कान मोकळा करून ऐकायची, “सो स्वीट, सर” म्हणायची आणि कान झाकायची.

एक दिवस ते आपला शब्दकोश घेऊन तिच्याकडे गेले.

“हे पूर्ण वाचायचं, सर?”

“वाचायचं नाही. माणूस डोळ्यासमोर ठेवायचा आणि चाळायचं. चाळता चाळता एखादा शब्द थांबवतो आपल्याला.”

“कोणता माणूस ठेवायचा?”

“आता ते काय मी सांगू,” कोशराव म्हणाले, आणि मुलगी बघायला आलेल्या मुलासारखे लाजले. “पुढच्या वर्षी माझं भाषण तू करणार आहेस. मॅनेजरांशी बोललोय मी.”

“ओके, सर. शुअर.”

आठवड्याभरात तो कोश तिच्या कॉम्प्युटरच्या खाली गेला. कॉम्प्युटरचा पडदा फार खाली येत होता, मान दुखत होती, कोश नेमका उंचीला बसला. मी ते पाहिलं आणि कोशरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या आधी पाहिलेलं होतं.

“बोलू का मी तिला?”

“अजिबात नाही. मान दुखतीये पोरीची.” मग म्हणाले, “कधीतरी पुसायला म्हणून उचलेलच.”

वर्षभर तो तिथेच होता. कोशराव येता-जाता त्याच्या शिवणीकडे नजर टाकायचे. धूळ बसत गेली तसे ते तिच्या टेबलाशी कमी थांबायला लागले, पण भाषण बदला असं काही म्हणाले नाहीत. उलट शेवटच्या महिन्यात मला सांगितलं, “काल तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी शोधत होती.” ती त्यांच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती. मी ते सांगितलं नाही.

घरी तयारी जोरात होती. वहिनींनी मला फोन केला, “भावजी, हे आरशासमोर इंग्रजी बोलतायत. काय उत्तर द्यायचं याची तालीम चाललीय. मधेच गप्प होतात. विचारलं तर म्हणतात, ती कोणता शब्द देते त्यावर पुढचं ठरेल.”

निरोप मीटिंगच्या खोलीत होता. टेबलावर केक, भिंतीवरच्या पडद्यावर मुख्य कार्यालयातल्या कुणा साहेबांचा चेहरा, मधूनमधून गोठणारा. वहिनी पहिल्या रांगेत, ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून. शिपाईसुद्धा आला होता, तोच तो, दारावर शब्द रंगवलेला.

मॅनेजर म्हणाले, “एकच स्पीकर, प्लीज. मुख्य कार्यालयाची लाइन चालू आहे.”

मी अर्धवट उठलो. “मी दोन शब्द बोललो असतो.”

“नंतर चहाला बोलू ना, काका.”

हेडफोनवाली धावत आली. एका ग्राहकाला तिने तसंच लाइनवर ठेवलं होतं, हेडफोन गळ्यात होता आणि त्यातून बारीक संगीत ऐकू येत होतं. कोशराव खुर्चीत जरा पुढे सरकले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. वजन उचलायच्या आधी गोदामातली माणसं उभी राहतात, तसे ते बसले होते.

ती गोड हसली. खरंच गोड हसली, त्यात खोट नव्हती. म्हणाली, “सर इज अ व्हेरी नाइस पर्सन.”

पाठीमागून रेकॉर्ड विभागातल्या एका जुन्या माणसाच्या तोंडून सवयीने “चहा” असं निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. कुणी हसलं नाही.

“आय मीन, व्हेरी, व्हेरी नाइस,” ती म्हणाली. “ही वॉज ऑलवेज देअर. वुई विल मिस यू, सर.” मग तिने हेडफोनकडे बोट दाखवून माफी मागितली आणि ती दारातच बोलायला लागली, कारण तो लाइनवरचा ग्राहक चिडला होता.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जास्त वहिनींनी वाजवल्या. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “भावजी, यांच्या ऑफिसातलं इंग्रजी आज पहिल्यांदा मला कळलं. चांगला माणूस म्हणाली, नाही?”

मी हो म्हणालो.

कोशराव उत्तर द्यायला उठले. शिपायाने हात जोडून ठेवले होते, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार म्हणून. कोशरावांनी आमच्याकडे पाहिलं, पण ते नेहमीचं बघणं नव्हतं. प्रत्येकावर थांबत जाणारी ती नजर त्या दिवशी कुणावर थांबली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली, झाडू फिरवावा तशी.

“थँक यू,” ते म्हणाले. “यू आर ऑल व्हेरी नाइस.”

आणि बसले.

मॅनेजरांनी अंगठा वर केला. “सुपर. शॉर्ट अँड स्वीट.” पडद्यावरचे साहेबही हसले, आणि हसतानाच गोठले. केक कापला गेला. जुन्या लोकांपैकी कुणी कोणाकडे बघेना. रेकॉर्डवाल्याने केकची बशी तशीच खिडकीत ठेवली. शिपाई मला विचारायला आला, “आणखी बोलणार होते ना ते?” मी म्हणालो, “बोलले की.” तो मान हलवत निघून गेला. असे शब्द यापुढे कुणालाच मिळणार नव्हते, त्याच्या शब्दाला आता भाऊबंद येणार नव्हता, हे त्याला अजून कळायचं होतं.

निघताना हेडफोनवाली आठवणीने कोश काढायला लागली. “सर, तुमचं बुक राहिलंय माझ्याकडे.”

“असू दे, बाळ,” कोशराव म्हणाले. “पडदा खाली येईल तुझा.”

मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेलो. वहिनी घड्याळाची पेटी सांभाळत पुढे उतरत होत्या. वर्गणी शेवटी निघालीच होती. कोशराव कठड्याला धरून एकेक पायरी बघत होते. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचलं ते नेमकं आपमतलबी सुचलं.

“कोशराव, माझा शब्द राहिला की. सापडलाय म्हणाला होतात.”

ते थांबले. वळले नाहीत.

“दिला ना आत्ता,” म्हणाले. “सगळ्यांबरोबर.”